माथ्यावरचं गवत

आमच्या डोंगराचा माथा नक्की कुणाचा होता, हे मला आजतागायत समजलेलं नाही. कागदावर माझ्या सासऱ्यांचं नाव होतं, त्यामुळे सरकारला विचाराल तर तो आमचा. वाडीला विचाराल तर वाडीचा. आणि मुंबईच्या तबेल्यातल्या म्हशींना कुणी विचारलं असतं तर त्यांनीही मान डोलावली असती, कारण शेवटी माथ्यावरचं गवत त्यांच्याच पोटात गेलं. मी या तिन्ही पक्षांची वकिली मनातल्या मनात करून पाहिली आहे. दर वेळी खटला जिंकते आणि दर वेळी मला वाईट वाटतं.

मी शहापूरच्या शाळामास्तरांची मुलगी. मराठी चौथी झालेली, म्हणजे त्या काळच्या मानानं दीडशहाणी. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी माझं लग्न झालं आणि डोळखांबच्या वाटेवरच्या एका गावात मी नांदायला आले. माहेरी कौलारू घर, शेजारी कचेरी आणि बाजार. सासरी गवतानं शाकारलेलं घर, पुढे भातखाचरं आणि मागे डोंगर. पहिल्याच आठवड्यात आढ्यातून एक विंचू माझ्या ताटाशेजारी पडला. मी जी किंकाळी फोडली ती मला पुढे दोन वर्षं गावातल्या बायका करून दाखवत होत्या. तेव्हापासून मी घरात एकच धोशा लावला, घरावर कौलं घाला. सासरे म्हणायचे, "इंचवाला काय कवलांतून वाट मिलत नाय?" तरीही धोशा मी सोडला नाही.

गवतावर आमचं सगळं चालायचं. गुरांना गवत, घराला गवत, राबाला गवत. ज्या तुकड्यात भाताचं रोप टाकायचं, तिथे शेण, पालापाचोळा आणि गवत पसरून जमीन भाजायची, तो राब. न भाजता रोप टाकलं तर त्यात भात कमी आणि तण जास्त. एवढं होऊन उरलेलं गवत बैलगाडीनं स्टेशनजवळच्या वखारीत जायचं. तिथे ते दाबून त्याचे गठ्ठे बांधत आणि आगगाडीच्या डब्यांत भरून मुंबईला पाठवत. त्याचे थोडेफार पैसे यायचे. मीठ, रॉकेल, कापड त्यात निघायचं.

गवत कापायला वाडीची माणसं यायची. वाडी ओढ्यापलीकडे, दहा-बारा झोपड्यांची. त्यांच्यात एकाच्याही नावावर वीतभर जमीन नव्हती. दसरा झाला, गवत पिवळं पडायला लागलं की बाया-बापे सगळे विळे घेऊन उतारावर चढायचे. दुपारी आमच्याकडून नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी. कापणी संपली की घरटी पायलीभर भात. रोख छदाम नाही. उतार कापून संपला की देखरेखीला गेलेले आमचे लोक घरी यायचे आणि वाडीचे लोक आणखी वर, माथ्यावर जायचे. तिथलं गवत उंच आणि जाड काडीचं. गुरं ते नाखुशीनं खातात, पण घरावर घातलं तर पाण्याला दाद देत नाही. ते वाडीचं. कापून, भारे बांधून ते खाली न्यायचे आणि वैशाखात आपापल्या झोपड्या शाकारायचे. मग येऊन आमचं घर आणि गोठा शाकारून द्यायचे. 'माथा वाडीचा' असं गावात कुणीही म्हणायचं. मी समजले, जुनी वहिवाट असेल, नाहीतर सासऱ्यांचा दानधर्म. नीट विचारून घ्यावं असं मला वाटलं नाही. शिकलेल्या माणसाला विचारायची सवय कमीच असते.

या सगळ्यांत एक बाई होती. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, काटक, डावखुरी. नावं लिहायची नाहीत असं मी ठरवलं आहे, म्हणून तिला डावखुरीच म्हणते. तिला साधा विळा चालायचा नाही. लोहाराकडून तिनं उलट्या बाजूला दाते पाडून घेतले होते, आणि तो विळा दुसऱ्या कुणाच्या हातात बसत नसल्यामुळे कधी चोरीला जात नाही म्हणून ती खूश असायची. तिचा नवरा आठ महिने कोळशाच्या भट्ट्यांवर, लांब. घरी दोन मुलं आणि दम्यानं बसलेली सासू. शाकारणीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आमच्या घरावर बसून काम करता करता वरून हाक मारायची, "बाय, इंचू गावला. टाकू काय खाली?" मी अंगणात पळायची आणि ती वर हसत बसायची.

दुपारी ती भाकरी खायला बसली की मी तिच्याशी बोलायची. तिच्या तळहातांना गवताच्या पात्यांनी बारीक बारीक चिरा पडलेल्या असत. चटणीचा हात लागला की झोंबायचं, म्हणून ती भाकरीच्या तुकड्यानंच चटणी उचलायची. मला ते बघवायचं नाही. कापणार ही, भारे वाहणार ही, आणि वखारीचे पैसे येणार आमच्या घरात. हिला काय, तर भाकरी. अण्णा, म्हणजे माझे वडील, घरी सांगायचे की माणसाच्या घामाला दाम मिळाला पाहिजे, रोख मिळाला पाहिजे, म्हणजे तो कुणाचा मिंधा राहत नाही. ते मला पटलेलं होतं आणि अजूनही पटतं. घोटाळा तिथेच आहे.

लढाईला दोन-तीन वर्षं झाली आणि गवताचा भाव चढायला लागला. कुणी म्हणे पलटणीच्या खेचरांना लागतं, कुणी म्हणे मुंबईत माणसं वाढली म्हणून म्हशी वाढल्या. आम्हाला कारण कळायचं नाही, भाव कळायचा. वखारीचा मुकादम, जो एरवी आमच्या गाडीची वाट बघत तिथेच बसायचा, तो आता सायकलवरून आमच्या अंगणात यायला लागला. चहा प्यायचा, खोकायचा आणि डोंगराकडे बघत राहायचा.

त्या वर्षी गणपती गेल्यावर मी मनाचा हिय्या केला. सासरे जेवायला बसले होते. वाढता वाढता मी म्हटलं, "मामा, यंदा वाडीच्या लोकांना रोख मजुरी द्यायची का?"

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. माझे यजमान पाण्याचा तांब्या शोधायला म्हणून जे उठले ते परत आलेच नाहीत.

"कशापायी?" सासऱ्यांनी विचारलं.

"सगळं काम तेच करतात. गवताला एवढा भाव आलाय. त्यांना नुसत्या भाकरीवर राबवायचं म्हणजे पाप आहे."

सासरे रागावले नाहीत. ते मोठ्यानं हसले. "पोरी, तुझ्या बापाच्या शालेत शिकवतात ता हितं चालाचं नाय. त्यांनी मागलाय काय रोख? तुला कुनी सांगलाय?"

मला कुणीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी डावखुरीला विचारलं, "रोख पैसे मिळाले तर आवडेल ना तुला?" ती म्हणाली, "पैसं कोनाला नको असतात, बाय?" एवढाच होकार मी धरून बसले. त्यासाठी काय सोडावं लागेल, हे ना तिनं विचारलं ना मी सांगितलं. मला ते माहीतच नव्हतं आणि तिला ते विचारायची गरज वाटली नसावी.

पुढे आठ दिवसांनी मुकादम येऊन गेला. बराच वेळ तो आणि सासरे डोंगराच्या पायथ्याशी उभे राहून बोलत होते. संध्याकाळी सासरे ओसरीवर आले, मला बोलावलं आणि म्हणाले, "सूनबाय, तुझा म्हननं खरा हाय. यंदा भाकरी नाय नि पायली नाय. रोख मजुरी. भाऱ्यामागं."

मला आनंदानं काही सुचेना. जो माणूस घरावर चार कौलं घालायला चार-पाच वर्षं पटत नव्हता, तो एका आठवड्यात कसा पटला, असा प्रश्न मनात येऊन गेला. पण जिंकलेल्या माणसाला असले प्रश्न फार वेळ टिकत नाहीत. मी अण्णांना पत्र लिहून कळवलं. त्यांनी उत्तरात मला शाबासकी दिली आणि पत्रात दोन व्याकरणाच्या चुका होत्या त्याही दाखवल्या.

कापणी सुरू झाली. खोटं कशाला बोलू, ते दिवस वाडीत आनंदाचे गेले. पहिल्या आठवड्याचे पैसे हातात पडले तशी माणसं शहापूरच्या बाजाराला गेली. कुणी लुगडं आणलं, कुणी रॉकेल, कुणी ताडी प्यायली. डावखुरीनं सासूसाठी घोंगडी आणली आणि स्वतःसाठी लहानसा आरसा. तो मला दाखवायला मुद्दाम आली. "माजा तोंड मी पयल्यांदाच नीट बघतंय," म्हणाली, "लय काय बरा नाय." आम्ही दोघी हसलो. मला त्या दिवशी वाटलं होतं की मी जन्मात एक तरी चांगली गोष्ट केली. आजही तो आरसा आठवला की मला बरं वाटतं, आणि बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटते.

दिवाळीच्या आसपास उतार संपला. एका सकाळी मी गोठ्यात होते. डावखुरी धापा टाकत अंगणात आली. हातात विळा तसाच.

"बाय, माथ्यावं लोक हायेत. कापाय लागलेत."

"कुठले लोक?"

"आमचे नाय. मुरबाडकडचे हायेत. वखारवाल्यानी आनलेत. आमाला वर येव देत नाय."

मला वाटलं, त्या लोकांची चूक झाली असणार, परगावचे, त्यांना इथली वहिवाट काय माहीत. मी तशीच ओसरीवर गेले आणि सासऱ्यांना सांगितलं, कुणाला तरी पाठवा, माथ्यावर भलतेच लोक घुसलेत. ते दाढी करत होते. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "भलतं नाय. माथा मी इकलाय."

"पण माथा वाडीचा आहे ना?"

सासऱ्यांनी वस्तरा खाली ठेवला. मला वाटतं, माझं अडाणीपण बघून त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "आगो, ते उतार कापून देत, घर शाकारून देत, त्याचा माथा. ती मजुरीच व्हती. भाकरी काय, कोन आला तरी देतोच आपून. आता मजुरी रोख दिली. मंग माथा कशाचा? दोनदा कोन देतो?"

डावखुरी खाली अंगणात उभी होती. तिनं हे सगळं ऐकलं. सासऱ्यांना सोडून तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, निदान मला तो दिसला नाही. एखादा जिन्नस मोजून घरी आणावा आणि घरी आल्यावर तो कमी भरावा, तसं ती बघत होती. सासऱ्यांच्या म्हणण्यात चूक कुठे आहे ते मला सापडेना. मीच म्हणाले होते रोख द्या. त्यांनी रोख दिले. मीच म्हणाले होते नुसत्या भाकरीवर राबवणं पाप आहे. ते नुसत्या भाकरीवर राबत नव्हतेच. ते डोक्यावरच्या छपरासाठी राबत होते, आणि ते छप्पर मी दोन गोड शब्दांत काढून घेतलं होतं.

मला मनापासून सासऱ्यांना दुष्ट ठरवायचं होतं. ते सोपं झालं असतं. पण तो माणूस आमच्याबरोबर नाचणीचीच भाकरी खायचा, धोतराला ठिगळं लावायचा. सरकार लढाईच्या नावाखाली आपलं भात उचलून नेणार या धास्तीनं त्या वर्षी त्यांची झोप उडाली होती. गवताला भाव आहे तोवर चार पैसे गाठीला बांधावेत, असं त्यांना वाटलं. माझा बाप त्यांच्या जागी असता तर त्यानं काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही.

दोन दिवसांनी मी माहेरी जायचं निमित्त काढलं आणि बोचकं उचलायला म्हणून डावखुरीला बरोबर घेतलं. गाडीवाल्याला सांगून आधी स्टेशनजवळच्या वखारीत गेले. तिच्या घरापुरतं गवत विकत घ्यायचं, असं आमचं ठरलं होतं. तिच्या कमरेला उरलेल्या मजुरीची गाठ होती आणि माझ्याजवळ भाऊबिजेचे पैसे होते.

वखार मी पहिल्यांदाच बघितली. गवताचे डोंगर, आणि मधे लाकडी दाबाचं यंत्र. चार गडी दांडा फिरवत गोल चालायचे, की वरची फळी खाली उतरायची आणि खोलीभर गवताचा एवढासा चौकोनी गठ्ठा व्हायचा. सगळीकडे धूळ. मुकादम तोंडाला पंचा बांधून बसला होता. आम्हाला बघून त्यानं पंचा सोडला, आधी खोकला, मग हसला.

"घ्या की, वयनी. गवत तुमचाच हाय," असं म्हणून त्यानं भाव सांगितला.

आम्ही दोघींनी जवळचं सगळं पुढे केलं. त्यात अर्धी झोपडी झाली असती. डावखुरीची सबंध कापणीची मजुरी आणि माझी ओवाळणी मिळून अर्धी झोपडी.

माझं डोकं फिरलं. "परवा हेच गवत तुम्ही आमच्याकडून याच्या निम्म्यानं नेलंत."

"ता डोंगरावरचा. हा वखारीतला."

"मधे त्याला काय झालं? त्याची मुंज झाली?"

"दाबला, बांधला," तो शांतपणे म्हणाला. "वयनी, मी काय यात खातो, असं वाटतं तुमाला? माझी छाती बघा, गवतानं भरली. वखारीच्या शेठला इचारा. शेठ म्हनतो, तबेलेवाले भाव पाडून मागतात. तबेलेवाले म्हनतात, दूध महाग झाला का गिऱ्हाईक वरडतो."

ते ओरडणारं गिऱ्हाईक माझ्या ओळखीचं होतं. माझा थोरला भाऊ तेव्हा मुंबईत गिरणीत कारकून होता आणि त्याच आठवड्यात मला त्याचं पत्र आलं होतं. धाकट्याला दूध पुरत नाही, शेराचा भाव कुठच्या कुठे गेलाय, वर पाणी घालतात. म्हणजे तबेलेवाला रडत होता, शेठ रडत होता, मुकादम खोकत होता, माझा भाऊ ओरडत होता, आणि माझ्या भाच्याच्या वाटीतलं दूध अर्धं पाणी होतं. मग एवढ्या चढलेल्या भावातलं सुख गेलं कुठे? कुणाच्या तरी घरात ते जमत असणारच. मी त्या वखारीत उभी राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, आणि माझ्यासमोर फक्त धूळ खाणारी माणसं होती. ज्याला विचारायला हवं होतं तो स्टेशनावर कधी उतरतच नसावा.

माझं भांडण चाललं असताना डावखुरी खाली बसली होती. जमिनीवर सांडलेल्या काड्या ती सवयीनं वेचत होती. मूठ भरली की बाजूला ठेवायची, पुन्हा वेचायची. एक पेंढी होत आली तेवढ्यात दारावरच्या गड्यानं हटकलं, "ए, ठेव ती." तिनं ठेवली, हात झटकले आणि उठली. आम्ही गवत घेतलं नाही. अर्ध्या छपराचा काय उपयोग, असं ती म्हणाली, आणि ते पैसे तिनं पुढे तांदळाला घातले.

अण्णांना मी सगळं सांगितलं. पायावर पाय टाकून बसलेले ते हळूहळू पाय खाली घेऊन बसले. म्हणाले, "रोख मजुरी देणं बरोबरच आहे. पण गवताचा भाव वाढला तशी मजुरी वाढायला हवी होती."

"ती कुणी वाढवायची?"

"ज्याला भाव मिळाला त्यानं."

"म्हणजे मामांनी? की मुकादमानं? की शेठनं?"

अण्णा बराच वेळ पानाचा डबा उघडत-मिटत बसले. त्यांना त्रैराशिक यायचं, व्याज यायचं, हौदात किती नळांनी किती वेळात पाणी भरेल ते यायचं. हे आलं नाही. शेवटी म्हणाले, "तुझा हेतू चांगला होता, बाळ." मला एवढा संताप आला की मी जेवले नाही. हेतूनं कुणाची झोपडी शाकारली जाते?

आता पुढचं लिहायला मला जड जातं, कारण त्यात माझं सुख आहे.

शिमगा झाला आणि मुरबाडकडच्या कुंभाराकडून आमच्या अंगणात कौलांच्या गाड्या यायला लागल्या. सासऱ्यांनी गवताच्या पैशातून घरावर कौलं घालायचं ठरवलं होतं. सहज म्हणाले, "घे गो, पाच वर्सं डोका खाल्लंस. आता इंचू पडला तर मला सांग." मी कौलाला हात लावून बघितला. तांबडं, गुळगुळीत, भट्टीचा वास असलेलं. मला वाटलं होतं मी रडेन किंवा भांडेन. मला आनंद झाला. खरोखरचा, लहान मुलीसारखा. माथा विकला गेला म्हणून कौलं आली, हे मला समजत होतं, आणि तरी मी शेजारणींना बोलावून कौलं दाखवली.

छप्पर बदलायला माणसं लागली ती वाडीचीच. रोख मजुरीवर. जुनं गवत उतरवायचं, वासे नवे टाकायचे, कौलं वर पोचवायची. डावखुरीही आली. जे छप्पर ती दर वर्षी शाकारायची, तेच तिनं उतरवलं आणि मग दिवसभर डोक्यावरून कौलं वाहिली. पाच पाच कौलं चुंबळीवर घेऊन ती शिडी चढायची. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. ती नेहमीसारखीच होती. मात्र वरून तिनं मला विंचवाची हाक दिली नाही.

तिनं आपल्या घरावर काय घालायचं ठरवलंय, ते मी वाडीतल्या दुसऱ्या बाईकडून ऐकलं होतं. साग-पळसाची पानं. पानांवर एक पाऊस निघत नाही, आणि पानं तोडताना रानवाल्यानं पकडलं तर दंड निराळा. काही घरं वैशाखात झोपड्या सोडून परगावी जाणार होती. ती जाऊ शकत नव्हती. सासूला चार पावलं चालवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी काम संपलं. अंगणाच्या कडेला आमच्या घरावरून उतरवलेलं जुनं गवत रचून ठेवलं होतं. खालचे थर काळे, कुजलेले, उंदरांनी कातरलेले. वरचा थर एकाच पावसाचा, करडा पडलेला, पण काडी शाबूत. माणसं मजुरी घेऊन गेली. ती थांबली. सासरे ओसरीवर बसले होते. ती पायरीपाशी आली आणि म्हणाली, "पाटील, ता गवत देता काय? वरचा वरचा नेते."

सासरे म्हणाले, "राबाला लागल ता."

"राबाला खालचा कुजका चालल. वरचा मीच घातला व्हता गेल्या साली. चांगला हाय."

सासऱ्यांनी गवताकडे बघितलं. त्यांना तिची दया आली असावी. ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती, आणि व्यवहारही दिसत होता. दोन्ही एकाच वेळी एका चेहऱ्यावर मावतात, हे मी त्या दिवशी बघितलं. ते म्हणाले, "बरं, ने. पन फुकट नाय. पुढल्या साली उतार कापून दे याच्या बदली. रोख नाय मिलायची."

"व्हय," ती लगेच म्हणाली.

एक अख्खी कापणी. आणि बदल्यात कुजायला आलेलं, तिनंच घातलेलं, आमच्या घरावरून उतरवलेलं गवत. पूर्वी याच कामाला सबंध माथ्याचं ताजं गवत मिळायचं, वर पायलीभर भात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चौकटीतून पुढे झाले. सगळं माझ्या जिभेवर तयार होतं, घामाचं, दामाचं, मुकादमाचं, कौलांचं.

"मामा, पण..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

डावखुरी गर्रकन वळली. तिनं माझा हात धरला. आजवर तिनं कधी मला शिवलं नव्हतं. तिचा तो चिरा पडलेला तळवा माझ्या मनगटाला खरखरला. हळू आवाजात, सासऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं ती म्हणाली, "बाय, तुझ्या पाया पडते. या टायमाला तू काय बोलू नको."

मी चौकटीत मागे सरले. ती गवताकडे गेली, वरचा थर वेगळा करून तिनं दोरानं भारा आवळला आणि उचलायला कुणी आहे का म्हणून इकडेतिकडे बघितलं. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. मी पदर खोचला, खाली उतरले आणि दोन्ही हातांनी तो भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला.